रेमेईचा भाचा

वालेन्सियात समुद्राकाठच्या गल्लीत विधवा रेमेई परवान्याशिवाय प्रवाशांना खोली देई. तपासनीस प्रवासी बनून येतात, असं ती ऐकून होती. ‘पहिल्यांदाच आलोय’ म्हणणारा ओरासियो रविवारी जेवायला बसला, तो पाएया या भाताच्या सगळ्यांमधल्या कढईतूनच थेट चमच्याने खाऊ लागला. आपल्यापुढचा त्रिकोणी वाटा सोडून त्याने शेजारचं शीतही उचललं नाही. ही इथल्या घरांतली रीत; बाहेरचा माणूस ताट मागतो.

“इथलेच दिसता,” रेमेई म्हणाली.

“आजी इथली होती, मावशी.”

“कुठल्या गल्लीतली?”

“ते कधी विचारलं नाही.”

“वा! आजी आठवते, गल्ली नाही!”

तो हसला आणि त्याने भाड्याच्या नोटा पुढे केल्या. पैसे घेतले तरच गुन्हा, हे रेमेईला पक्कं ठाऊक होतं. तिने त्या परत सरकवल्या.

“मावशी म्हणालास ना? भाच्याकडून भाडं घेतात का कुठं?”