दोन राजीनामे आणि मालनची बोटं

मालन सपकाळ अकरा वर्षं ठाण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीच्या पॅन्ट्रीत चहा करत होती. मूळची पाटणकडची. नवरा गेल्यावर आंबिवलीत काळुरामशेठच्या चाळीत एकटीच राहायची. काळुरामशेठ तिथलेच, पिढ्यानपिढ्यांचे. त्यांची भातखाचरं बिल्डरकडे गेली आणि आलेल्या पैशातून हर्षित आणि नयन ही त्यांची दोन मुलं शेअर खेळायला लागली.

मालनच्या कंपनीचा शेअर दोन वर्षं पडलेलाच होता. गणपतीत त्यांच्या घरी ती सहज बोलून गेली, की हल्ली ऑफिसात परदेशी पाहुणे फार येतात. कंपनी विकली जाणार असं धरून नयनने तेवढ्यावर वडिलांच्या नावाने शेअर घेतले आणि गावातल्या दहा-बारा घरांनाही घ्यायला लावले.

मग एका गुरुवारी दुपारी कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आणि अर्थविभागाच्या मॅडमनी तासाभराच्या आत राजीनामे दिले. कारण कुणालाच सांगितलं नाही. शुक्रवारी बाजार उघडताच सगळे विकायला धावले आणि घ्यायला कुणी उरलं नाही. पुढचे दोन दिवस बाजार बंद, त्यामुळे नुसत्या अफवा. कुणी म्हणे धाड पडणार, कुणी म्हणे मोठी कंपनी हिला गिळणार, म्हणून जुने लोक हटवले. शनिवारी गावातल्या चौघांनी नयनला चौकात गाडीतून ओढून काढलं आणि त्याचे दोन दात पाडले.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास मालन डाळ शिजवत होती. दोघे भाऊ आत आले. नयनने दाराला कडी लावली. त्याचा ओठ सुजलेला होता.

राजीनाम्यांआधी साहेब आणि मॅडमच्या बैठकीत काय बोलणं झालं, हे त्याला हवं होतं. मालनने सांगितलं, की चहा ठेवला आणि तिला बाहेर पाठवलं, आणि ते बोलत होते तेही इंग्रजीत. त्याने तिच्या थोबाडीत मारली. ती भिंतीवर आदळली. मग त्याने तिचा डावा हात ओट्यावर दाबून धरला आणि करंगळी मागे वाकवायला लागला.

"मावशी, आठव. नाहीतर एकेक तोडीन."

ती विनवत राहिली आणि बोट कडकन मोडलं. हर्षितने तोंड फिरवलं. "सोड तिला, तिला काही माहीत नाही," तो म्हणाला, पण जागचा हलला नाही. नयनने पुढचं बोट धरलं. तेही मोडल्यावर मालनला जे आठवलं ते तिने सांगून टाकलं. गुरुवारी जाताना साहेब आणि मॅडम पॅन्ट्रीत आले होते. आपापले कप धुऊन पिशवीत टाकले. हसत होते. बस, एवढंच तिने पाहिलं होतं.

त्या हसण्यावरून भावाभावांत पेटलं. हर्षितचं म्हणणं, हसत गेले म्हणजे बुडत्या जहाजातून सुटले, मिळेल त्या भावाने विकायचं. नयनचं म्हणणं, हसत गेले म्हणजे सौदा पक्का झाला, आईचे दागिने गहाण ठेवून आणखी घ्यायचे. आवाज चढत गेले. शेवटी हर्षित म्हणाला, "मी कालच ऑर्डर टाकलीय. बाबांचे सगळे उद्या विकायला. गाववाल्यांनाही तेच सांगितलंय."

नयन ओट्याखाली वाकला, वरवंटा उचलला आणि सख्ख्या भावाच्या तोंडावर घातला. हर्षित गुडघ्यावर कोसळला. दुसरा घाव डोळ्यावर बसला. रक्त ओट्याच्या फरशीवर, मालनच्या साडीवर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर उडालं. नयनने वरवंटा तिसऱ्यांदा वर नेला, तेव्हा मालनने चांगल्या हाताने पातेलं उचललं आणि उकळती डाळ त्याच्या मानेवर ओतली.

तो किंचाळत कडी काढून पळाला. मालनने पदराचा बोळा करून हर्षितच्या जखमेवर दाबला आणि चाळ गोळा होईपर्यंत ओरडत राहिली. रिक्षातून कल्याणला नेईपर्यंत त्याचं डोकं तिच्याच मांडीवर होतं. ज्याने तिची बोटं मोडू दिली, त्याला आपण का धरून बसलोय, हे तिचं तिलाही कळत नव्हतं. हात मात्र तिने काढला नाही.

हॉस्पिटलमध्ये काळुरामशेठ आले. हर्षित जिन्यावरून पडला असं सांग, खोली जन्मभर तुझी, असं त्यांनी हळू आवाजात सुचवलं. थोड्या वेळाने त्यांची बायको आवडाबाई येऊन तिच्या शेजारी टेकली. बराच वेळ तिच्या प्लास्टरकडे बघत राहिली.

"पोलिसांना जा झाला ता सांग," ती म्हणाली. "एक पोर हातचा गेला, आता दुसरापन तुरुंगात जाव दे."

मालनने पोलिसांना सगळं सांगितलं. डाळ आपण ओतली, हेही लपवलं नाही.

हर्षित वाचला, पण एक डोळा गेला आणि बोलताना जीभ अडखळायला लागली. दोघांचेही अंदाज खोटे ठरले. कंपनी बुडाली नाही आणि कुणी विकतही घेतली नाही. राजीनामे वैयक्तिक कारणांसाठी होते, एवढंच कंपनीने जाहीर केलं, आणि शेअर आधीसारखाच मरगळून पडून राहिला. मालनने चाळ सोडली, शहाडला भाड्याने खोली घेतली. दोन बोटं आता वळत नाहीत, ट्रे ती मनगटावर पेलते.

साक्षीच्या दिवशी कोर्टाच्या आवारात पोलिसांनी नयनला तिच्यासमोरून नेलं. त्याच्या मानेची कातडी चुरगळलेल्या कागदासारखी झाली होती. तो थांबला.

"मावशी, खरंच हसत होते ना ते?"

मालन दाराकडे वळली. शिपायाने त्याला पुढे ढकललं.

आत तिने दीड तास साक्ष दिली. वकिलाने उलटसुलट विचारलं, तिने एकही शब्द बदलला नाही. बाहेर आली तेव्हा आवडाबाई पायरीवर बसली होती. ती उठली, आणि दोघी रिक्षा स्टँडपर्यंत चालत गेल्या.