मोटारीचा उन्हाळा आणि चाचींचा बंब

थंडीत जी मोटार करूळचा घाट एका दमात चढायची, तीच ऊन तापायला लागलं की निम्म्या घाटात काळा धूर ओकत उभी राहायची. मोटार माझ्या घरमालकांची. मी त्यांना चाचा म्हणत असे आणि ते मला मास्तर. खरं तर मी मास्तरही नव्हतो. कोल्हापुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची प्रात्यक्षिकं घ्यायचो, एवढंच.

मी पेठ वडगावजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढे गेलं नव्हतं. गुरुजींनी वडिलांना समजावलं, वडिलांनी शेतातला एक हात कमी केला, आणि मी पदार्थविज्ञान घेऊन पदवीधर झालो. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कोल्हापुरात आलो तेव्हा उद्यमनगरच्या मागे चाचांच्या गॅरेजवरची खोली मिळाली. चाची रोज संध्याकाळी विचारायच्या, "मास्तर, जेवलासा का?" परक्या गावात हा प्रश्न विचारणारं कुणी असलं की माणूस टिकतो. मी टिकलो.

चाचांची मोटार म्हणजे एक जुनी, लांबलचक परदेशी गाडी. तिचं मूळचं पेट्रोलचं इंजिन फार पिणारं, म्हणून ते काढून तिथे लहान डिझेल इंजिन बसवलं होतं. तेव्हा कोल्हापुरात असं अनेकांनी केलं होतं. पण देह हत्तीचा आणि काळीज शेळीचं अशी गत झाली. म्हणून चाचांनी मोडीच्या बाजारातून एका परदेशी मशीनचा टर्बो आणून जोडला. गॅरेजमध्ये त्याला शंख म्हणत, कारण दिसायला तो शंखासारखाच होता. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर त्यातला एक पंखा फिरायचा, आणि त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबायचा. हवा जास्त, तर डिझेल चांगलं जळणार आणि ताकद वाढणार. थंडीत ती वाढलीही.

पण फाल्गुनाच्या शेवटी चाचा आपल्या लेकीच्या सासूबाईंना एका लग्नासाठी घेऊन येत होते. लेक घाटाखाली, वैभववाडीजवळच्या गावात दिली होती. भर दुपारी गाडी घाटात थांबली आणि सगळ्यांना उतरून चढ चालावा लागला. विहीणबाईंच्या चपलेचा अंगठा तुटला. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या त्या महिन्याभराने, जेव्हा चाचांनी लेकीला पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी न्यायची गोष्ट काढली.

चाचा त्यांच्याकडून परत आले ते थेट माझ्या खोलीत.

"मास्तर, पोरगी पाठवत न्हाईत."

"का?"

"म्हणाल्या, एसटीत हादरं बसत्यात. तुमच्या गाडीचा भरवसा न्हाय. सातवा महिना असताना माझी सून घाट चालत चढणार न्हाय. हितंच करू बाळंतपण."

"मग पहाटे निघायचं. तेव्हा गार असतं."

"ते बी म्हणून बघितलं. दिवस उगवायच्या आत आन् मावळल्यावर गरवार बाईनं घाट वलांडायचा न्हाय, असं त्यांच्यात हाय. वाटंत रानगवं असत्यात. आता काय बोलायचं?"

खाली चाची चुलीपुढे बसून होत्या. त्या रात्री त्यांनी मला जेवलासा का असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचांनी मला गाडीपाशी नेलं. "थंडीत घोड्यागत पळतीया आन् उन्हात म्हशीगत बसतीया. गाडी तीच, डिझेल तेच. मग बदललं काय?"

"हवा," मी म्हणालो.

"हवा फुकटची. ती काय बदलतीया?"

मी सायकलचा पंप आणला, तोंडावर बोट दाबून पंधरावीस वेळा मारला आणि त्यांचा हात पंपाच्या खालच्या टोकाला लावला. त्यांनी हात मागे घेतला. हवा दाबली की तापते, आणि तापली की पसरते, विरळ होते. शंख हवा दाबतो, म्हणजे तापवतोही. त्यात मुळात उन्हाने तापलेली हवा. इंजिनात जागा तेवढीच, पण तिच्यात मावणारी हवा कमी. डिझेल मात्र तेवढंच पडतं. मी त्यांना विचारलं, चुलीत लाकडं फार आणि वारा कमी झाला की काय होतं?

"धूर," चाचा म्हणाले. मग बॉनेट उघडून ते बराच वेळ बघत राहिले. "आन् ह्यो शंख हवा घेतोय कुठनं बघा. रेडिएटरच्या मागनं. म्हणजे तव्यावरची."

पहिला बदल त्यांनी त्याच दिवशी केला. हवा घेण्याचं तोंड गाडीच्या पुढच्या जाळीपाशी आणलं. फरक पडला, पण थोडा. शंखातून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीला तरीही हात लावता येत नव्हता.

ती किती तापते हे मला बघायचं होतं. विभागप्रमुखांची परवानगी घेऊन मी प्रयोगशाळेतला एक थर्मामीटर आणला. नळीला भोक पाडून रबरी बुचात तो बसवला. प्रयोगशाळेत नेहमी असंच बसवतो. फक्त प्रयोगशाळेतल्या नळीत दाब नसतो. बॉनेट काढून ठेवून चाचांनी गाडी गावाबाहेर जोतिबाच्या डोंगराच्या चढाला लावली, पाय दाबला, आणि बूच थर्मामीटरसकट उडून पुढच्या काचेवर आपटलं.

"मास्तर," चाचा गाडी न थांबवता म्हणाले, "ताप बघायचा व्हता, का बंदूक उडवायची व्हती?"

थर्मामीटर न फुटता कसा राहिला ते कळलं नाही. पुढच्या वेळी चाचांनी बूच तारेने आवळलं. पाण्याला उकळी फुटते त्याच्या जवळपास पारा गेला. त्या नळीतून जाणारी हवा इतकी गरम असेल, असं मलाही वाटलं नव्हतं. पुस्तकात सूत्र होतं, मी ते पाठही केलं होतं, मुलांना शिकवलंही होतं. पण ते सूत्र करूळचा घाट चढतंय, हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

मग नळीला ओलं गोणपाट गुंडाळलं. जोतिबाच्या निम्म्या चढापर्यंत गाडी चांगली गेली, पुढे गोणपाट वाळलं आणि वासच यायला लागला. वाटेवरचा एक गुराखी म्हणाला, "पावणं, गाडीत काय भाजताय?"

हवेभोवती पाणी हवं, तेही भरपूर, एवढं आमच्या ध्यानात आलं होतं. पण कसं? उत्तर न्हाणीत उभं होतं. अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब. मध्ये धुराडं, भोवती पाणी. धुराड्यातून गरम धूर वर जातो आणि आपली ऊब पाण्याला देतो. धुराच्या जागी आपली हवा सोडली, तर ती आपली ऊब पाण्याला देईल आणि स्वतः गार होऊन इंजिनात जाईल. मी हे सांगताच चाचा न्हाणीकडे निघाले. चाची दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"बंबाला हात लावायचा न्हाय. पोरगी आली तर पाणी कशात तापवू?"

"बंब न्हेला न्हाय, तर पोरगी येतीया कशी?"

चाचींनी थोडा विचार केला आणि वाट सोडली.

तो बंब चाचांनी गाडीच्या पुढच्या बंपरवर उभा बांधला, कारण दुसरीकडे मावत नव्हता. पापाच्या तिकटीच्या चौकातून जाताना लोक थांबून बघत. एकाने विचारलं, "चाचा, नवरदेवाला अंघोळ घालायला निघालासा व्हय?" चाचांनी गाडी पुढे दामटली. जोतिबाच्या चढावर मात्र उलटंच झालं. बंबाने रेडिएटरचा वारा अडवला आणि इंजिनातलं पाणी उकळलं. शिवाय थर्मामीटरने सांगितलं की बंबातून बाहेर पडणारी हवा आम्हांला वाटलं होतं तेवढी गार होतच नाही.

हे दुसरं मला उमगेना. घरी आल्यावर मी चाचींना बंब परत बसवून देत होतो तेव्हा सहज म्हणालो, "एवढं पाणी भोवती, तरी हवा गरमच बाहेर येते."

"जाळ जोरात घातला की असंच व्हतंय की," त्या म्हणाल्या. "ऊब समदी धुराड्यातनं वर. म्हणून मी बारीक जाळ घालते, सावकाश."

आमची हवा सावकाश जाणं शक्य नव्हतं. इंजिनाला ती लगेच हवी होती. धुराडं रुंद, हवा मधूनच पळते, कडेला पाणी आहे याची तिला गंधवार्ता नाही. मग एका रुंद नळीऐवजी पुष्कळ बारीक नळ्या घातल्या तर? प्रत्येक नळीतली थोडी थोडी हवा तांब्याला घासूनच जाईल. मी कागदावर काढून दाखवलं. चाचांनी कागद उलटासुलटा केला.

"हे तर मक्याच्या कणसागत दिसतंय. पर नळ्या लई बारीक नकोत. हवा अडंल. शंखाला दम लागंल."

ते बरोबर होतं, आणि मी त्याचा विचार केला नव्हता. किती बारीक ते आम्ही अंदाजाने ठरवलं. तांबट आळीतल्या कारागिराने बुटका, पितळी टोपणाचा बंब करून दिला. करताना तो दर थोड्या वेळाने विचारत होता, "ह्यात विस्तू कुठं घालायचा?" लांब गाडीच्या बॉनेटखाली लहान इंजिनाच्या कडेला भरपूर जागा होती. तिथे तो बंब बसला. जोतिबाच्या चढावर, उन्हाच्या ऐन वेळी, गाडी पहिल्यांदा धूर न काढता वर गेली. थर्मामीटर बघायचं सोडून मी मागे वळून धूर शोधत होतो.

एक गोष्ट राहिली होती. बंबातलं पाणी स्वतःच तापत जायचं. म्हणून चाचांनी डिकीत बदलीच्या पाण्याचे कॅन ठेवले, आणि वैशाखातल्या एका सकाळी आम्ही घाट उतरून लेकीच्या गावी गेलो.

विहीणबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या. बॉनेट उघडायला लावून त्यांनी बंब पाहिला.

"ह्येच्यात चहा करता का काय?"

"हवा गार करतो," चाचा म्हणाले.

"हवा? मग पाणी कुठलं घातलंय? आमच्या विहिरीचं घाला. लई गार हाय."

आम्ही बंब आणि कॅन सगळे त्यांच्या विहिरीच्या पाण्याने भरले. जेवण झाल्यावर चाचा म्हणाले की ऊन थोडं उतरू दे. विहीणबाई उठल्या. "मागल्या टायमाला ज्या येळंला गाडी थांबली, त्याच येळंला निघू. मी बी येणार बरोबर. थांबली, तर सुनंला घिऊन तिथनंच माघारी."

लेकीने वडिलांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

घाटाला लागलो. मी चाचांच्या शेजारी. विहीणबाई आणि लेक मागे. मागच्या वेळी गाडी थांबली ती जागा आली आणि गेली. चाचांनी स्टिअरिंगवरची पकड थोडी सैल केली. तेवढ्यात मागून लेक हळूच म्हणाली, "अब्बा, मळमळतंय. थांबवा."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. चालती गाडी चढत होती, ती जोरावर. एवढ्या चढावर उभी राहून पुन्हा उठणं निराळं. पण त्यांनी क्षणभरही वेळ न घालवता गाडी कडेला घेतली. मी उतरून मागच्या चाकाला दगड लावला. लेक दरीच्या कठड्याशी वाकली, विहीणबाईंनी तिची पाठ धरली.

मी बंबाला हात लावला. पाणी कढत झालं होतं. चाचांनी आणि मी तोटी सोडून ते सगळं रस्त्यावर जाऊ दिलं आणि कॅनमधलं भरलं. विहीणबाई बघत होत्या.

"अजून गार हाय का?" त्यांनी विचारलं.

मी कॅन पुढे केला. त्यांनी बोटं बुडवून पाहिली, त्याच पाण्याने सुनेचं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "हाय. चला."

सगळे बसले. मी दगड काढायला मागेच थांबलो. चाचांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. ती थोडी थरथरली, शंखाची शीळ चढत गेली, आणि चाक दगडापासून सुटलं. धूर आला, तो नेहमीच्या गाडीला येतो तेवढाच. मी धावत दार गाठलं. आत बसताना पाहिलं, चाचांचे ओठ हलत होते. ते काय पुटपुटत होते ते मी विचारलं नाही.

घाट संपून गगनबावड्याला वर आलो तेव्हा वारा सुटला होता. स्टँडजवळ चहा घेतला. चाचा कपाकडे बघत उभे होते. गाडीचं कौतुक त्यांनीच करणं शोभलं नसतं, आणि दुसरं कुणी करत नव्हतं.

शेवटी विहीणबाईंनी कप खाली ठेवला. "चढली. आमच्या विहिरीचं पाणी व्हतं म्हणून."

"तुमच्याच विहिरीचं," चाचा म्हणाले.

"बाळंतपण तुमच्याकडं होऊ दे. न्यायला मी येणार. ह्याच गाडीनं सोडा घरी."

"तवा पावसाळा असंल. हवा आपसूक गार, वाट बी उताराची. पाण्याची गरज बी न्हाय लागायची."

"तरी बी कॅन आणा," त्या म्हणाल्या.

पुढचा कोल्हापूरपर्यंतचा रस्ता मोकळा होता. लेक सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. एका वळणानंतर उसाने भरलेली बैलगाडी पुढे आली. पलीकडे जायला जागा भरपूर होती आणि इंजिनात ताकदही होती. चाचांनी हॉर्न वाजवला नाही. आरशातून एकदा मागे बघून ते त्या बैलगाडीच्या मागे, बैलांच्याच चालीने, गाडी नेत राहिले.