बाटलीच्या तळाशी

आमची औषध कंपनी बुडायला आली होती, तेव्हा नव्या प्रमुख म्हणून बर्वे मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी प्रयोगशाळेत येऊन खोकल्याच्या औषधाची एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली. तळाशी बारीक साका होता.

"हे कधीपासून?"

"परवापासून. मला दिसलं होतं, पण सांगायला घाबरले," मी म्हणाले. नोकरी गेली, असंच वाटलं.

"खरं सांगायची भीती वाटते, तर चूक माझ्या खुर्चीची आहे," त्या म्हणाल्या आणि तो सगळा माल नष्ट करायला लावला.

कंपनी सावरायला पुढे काही वर्षं गेली. ती कशी सावरली यावर लोक बरंच बोलतात. मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मॅडमच्या दाराबाहेर पाच जण उभे होते आणि प्रत्येकाला आपली चूक सांगायची होती.