दातात धरून पारखलेली चक्री

समस्त वाचकहो, जरा सावरून बसा, बातमी गंभीर आहे. सांगलीच्या एका मास्तराने, म्हणजे मीच, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर टोपी असताना, कृष्णेतले मासे धरण्याचा निश्चय केला होता. माशांनी या घोषणेची दखल घेतली नाही. मिरजेचे इसाक मेस्त्री तेवढे पोट धरून हसले... ते इसाक मेस्त्री महिन्यापूर्वी गेले. निरोप घेऊन आलेल्या माणसाला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही.

मेस्त्री तानपुरे करत. दूरदूरचे गवई त्यांच्याकडे जवारी काढायला येत. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर हलकी कानस फिरवून झंकार जुळवायचा. सगळं काम कानाचं. गळ टाकून बसणं हा त्यांचा फावल्या वेळचा नाद, आणि मी त्यांचा नवा चेला.

युद्ध संपल्यावर साताऱ्यातला एक साहेब सामान विकून विलायतेला निघाला. मी मेस्त्रींना घेऊन गेलो, तर त्याच्या व्हरांड्यात तीन चक्र्या मांडल्या होत्या, गळाच्या काठीला लावून दोरी गुंडाळायच्या. माझा हात अर्थातच सर्वांत मोठ्या, चकचकीत चक्रीवर पडला.

"मास्तर, मासं धराया निघालाय का वरातीला?" मेस्त्री म्हणाले. "हिच्यात दातेरी चाकं लय. वाळूचा कण शिरला की बसलीच. नवशिक्यानं उघडून पुसता येईल अशी घ्यावी."

दुसरी फिरवताना डुलत होती, ती त्यांनी ठेवून दिली. तिसरी साधी, पितळी, तळहातात मावणारी. तिला त्यांनी गिरकी दिली, तिची कड चक्क दातात धरली आणि डोळे मिटून घेतले. साहेबाचा खानसामा दोन पावलं मागे सरला.

त्यांनी डोळे उघडताच मी ओरडलो, "काय वो मेस्त्री, कान घरी ठेवून आलात का?"

व्हरांडाभर हशा पिकला. मेस्त्रीही हसले, जरा उशिराने. "हीच घ्या. सरळ हाय," म्हणाले, "तुमच्यापरास."

पुढच्याच आठवड्यात आम्ही कृष्णेच्या काठी बसलो. काठी मेस्त्रींच्या गुडघ्याशी रोवलेली, ते पैलतीराकडे बघत होते, मी मागे कणीक मळत होतो. एकाएकी चक्री किर्रर्र करून किंचाळली. "मेस्त्री, मासा!" मी बोंबललो. ते हलले नाहीत. हातभर अंतरावर दोरी सुटत होती, संपली, तुटली... मी खांद्याला हात लावला तेव्हा त्यांनी आधी रिकामी चक्री पाहिली आणि मग माझा चेहरा.

"कवापासनं?" मी विचारलं.

"दोन वर्सं झाली. तुमच्या ओठांवरनं कळतं समदं." त्यांनी माझं मनगट धरलं. "मास्तर, कुठं बोलू नगा. भैऱ्याकडं तानपुरा कोण आणंल?"

शेजारच्या मांजराची भानगडसुद्धा गावभर सांगितल्याशिवाय मला घास जात नाही. पण ही गोष्ट मी गिळली. व्हरांड्यातल्या त्या विनोदाची माफी मात्र मागायची राहून गेली. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता दोन वर्षं गेली... तानपुऱ्याची दांडी जबड्याला लावली की अंदाज येतो, एवढंच ते सांगत. कानशीचा शेवटचा बारीक हात कसा जमतो, हे विचारलं की नदीकडे बघत. तानपुरे पूर्वीसारखेच बोलत होते. गवई म्हणत, उलट जास्त गोड.

मेस्त्री गेल्यावर मी मिरजेला समाचाराला गेलो तेव्हा त्यांच्या कारखान्यात पाच-सात माणसं खाली मान घालून बसली होती. मध्ये एक अर्धा तानपुरा. आतल्या दाराला पडदा, त्याआड त्यांच्या पत्नी हाजराभाभी. इतक्या वर्षांत त्यांचा आवाज माझ्या कानावर पडला नव्हता. एक म्हातारे गवई डोळे पुसत म्हणाले, "असा कान आता होणे नाही. हा तानपुरा आता असाच राहणार." तेवढ्यात पडदा हलला.

"आवं, त्यांच्या कानाचं काय सांगताय! चार वर्सं जवारी मीच ऐकत हुते!"