जयपूरच्या थंडीत दुधातला मासा

लोक जानेवारीत जयपूरला किल्ले बघायला जातात. मी ताईला जेवायला घालायला गेले. ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण. भावोजी विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दोघं जयपूरच्या दुर्गापुऱ्यातच राहिली. मागच्या वर्षी ताईला घशाच्या आजारासाठी रेडिएशन घ्यावं लागलं. आजार गेला, पण तोंड सोललेलं राहिलं आणि जेवण सुटलं. वजन उतरतच चाललंय, तू ये, असं भावोजी फोनवर म्हणाले आणि मी रत्नागिरीहून निघाले.

तुम्हालाही त्या भागात जायचं असेल तर मुंबईहून दुर्गापुऱ्याला थांबणारी गाडी बघा, मोठ्या स्टेशनपर्यंत जाऊन परत फिरावं लागत नाही. रिक्षावाले शंभर सांगतात, सत्तरला येतात. आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. मी ठेवला होता, आणि फलाटावर सगळी बॅग उपसत बसले.

दार ताईनेच उघडलं. बांगड्या कोपराकडे घसरत होत्या. मी थेट स्वयंपाकघर गाठलं. जेवणाच्या टेबलावर औषधांचा पसारा होता. ताईचं गाजराचं सूप नि मऊ भात ट्रेमधून पलंगावर जायचा. तिच्यासमोर चमचमीत खायला नको म्हणून भावोजी आणि माझी भाची ईशा ओट्यापाशी उभ्याउभ्या उरकून घ्यायचे. मी म्हटलं, थांबा, आता मी आलेय. गावाहून आणलेलं आमसूल काढलं आणि मिरची न घालता माशाचं सार केलं. पहिल्याच घोटाला ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आंबट तिला झोंबतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग ईशा पुढे झाली. ती शिकायला दोन वर्षं थंडीच्या देशात होती.

"मावशी, मी कॉड करते. मतलब, दुधात."

मासा आणि दूध! आमच्याकडे मासे खाल्ल्यावर चहासुद्धा लांब ठेवतात, अंगावर पांढरे डाग उठतात म्हणून. मी तिला चांगलंच सुनावलं. ती हसली आणि मालवीय नगरमधून गोठवलेल्या कॉडचं पाकीट घेऊन आली. सुरमईपेक्षा महाग, पण काटा एकही नाही. ते रात्रभर फ्रिजमध्येच सुटू द्यायचं, पाण्यात टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी माझा रुसवा निघावा म्हणून ईशाने मला बसने सांगानेरला नेलं. तिथे लांबलचक टेबलांवर कापडाला लाकडी ठसे मारणारे हात बघत मी तासभर उभी राहिले आणि हिरव्या बुट्ट्यांचा एक टेबलक्लॉथ घेतला. तो घालायचा म्हणून संध्याकाळी औषधं टोपलीत गेली.

ईशाने दुधात तमालपत्र टाकून मंद आचेवर मासा शिजवला. मग लोण्यावर कांद्याची पात, थोडा मैदा, तेच दूध, उकडलेला बटाटा आणि वरून साय. वास चांगला येत होता, हे मी कबूल केलं नाही.

टेबलक्लॉथ बघायला ताई बाहेर आली ती खुर्चीतच बसली. ईशाने तिच्यापुढे वाडगा ठेवला. ताईने चमचा उचलला आणि परत खाली ठेवला.

"तुम्ही कधी जेवणार?"

नंतर जेवू, असं भावोजी म्हणाले.

"रोज नंतरच जेवता. मला भूक लागते हो, पण एकटीला गिळवत नाही." मग माझ्याकडे वळली. "तू समोर बसून खा. यातलंच."

भावोजी माझ्याकडे बघत राहिले. आयुष्यभराचं पथ्य एका वाडग्यापाशी आलं होतं. मी डोळे मिटून पहिला चमचा घेतला. मासा जिभेवरच सुटला. मऊ, किंचित गोडसर, आणि खरं सांगायचं तर फार छान. माझा घास घशाखाली उतरेपर्यंत ताई थांबली, मग तिने स्वतःचा चमचा उचलला. तिने सगळं संपवलं आणि वाडगा बोटाने पुसून घेतला. भावोजी उठून आत गेले. बराच वेळ नळ वाहत होता.

पुढचे सगळे दिवस एकाच पातेल्यातलं सगळ्यांनी खाल्लं. मटारचं सूप, फ्लॉवरचं सूप, आणि पुन्हा एकदा कॉड, तोही माझ्या फर्माइशीवरून. हवामहाल मी रिक्षातून पाहिला. त्याचं काही वाईट वाटत नाही.

घरी आल्यावर खिडकीच्या उजेडात दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. डाग नव्हते. ईशाचे आभार मानायचे राहूनच गेले, ते इथे मानते.

काल ताईचा फोन आला. चोरट्या आवाजात म्हणाली, "अगं, तुझ्या त्या टेबलक्लॉथवर हळदीचा डाग पडलाय. माझ्याच हातून आमटी सांडली."

मी म्हटलं, राहू दे, धुऊ नकोस.