एकसष्ट मतांची लिफ्ट

९ सप्टेंबर, सोमवार. दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार द्राम. लिफ्टचा मेकॅनिक ऑनिक याने हा आकडा सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर लिहून वाचागानच्या हातात ठेवला. लिफ्टच्या यंत्रातले सर्किट बोर्ड जळले होते. नवे बोर्ड मजुरी धरून एवढ्याला पडणार होते.

वाचागानने आकडा वाचला, पाकीट उघडून आत पाहिले आणि म्हणाला, "एक सिगारेट तरी ठेवायचीस आत. असा आकडा कोरडा कसा गिळायचा?"

वाचागान ट्रॉलीबसच्या डेपोतून निवृत्त झालेला इलेक्ट्रिशियन. वय सदुसष्ट. आमच्या विंगेत नवव्या मजल्यावर राहतो. त्याची बायको हायकानुश हिचे खुब्याचे हाड मागच्या वर्षी जुलैमध्ये मोडले. इस्पितळातून तिला घरी आणले तेव्हा लिफ्ट चालू होती, पाचव्या दिवशी ती बंद पडली. त्यानंतर हायकानुश खाली आली नव्हती. चौदा महिने. ती बाल्कनीतून दोरीने टोपली सोडायची, खालची नवार्द त्यात कोथिंबीर, तुळस, कधी चार अंजिरे ठेवायची, आणि दोघी नऊ मजल्यांच्या अंतरावरून ओरडून बोलायच्या. त्यामुळे दोघींच्या घरातले काहीच कोणापासून लपलेले नव्हते.

आमच्या विंगेत छत्तीस घरे. त्यांतली अकरा कुलूपबंद, माणसे रशियात. उरलेल्या पंचवीस घरांनी वाटून घेतले असते तर घरटी अकरा हजार पाचशे वीस द्राम आले असते. पेन्शनवर जगणाऱ्याला जड, पण अशक्य नाही. तरीही चौदा महिन्यांत हा हिशेब कोणी मोठ्याने मांडला नव्हता. कारण साधे होते. येरेवानमध्ये आमच्यासारख्या इमारतींच्या लिफ्ट निवडणुकीला दुरुस्त होतात. नगरपरिषदेची निवडणूक आली की अंगणात डांबर पडते, बाकांना रंग लागतो, लिफ्ट सुरू होते. जे पाच वर्षांनी फुकट मिळणार, त्यासाठी आज खिशात हात कोण घालणार? पुढची निवडणूक साडेतीन वर्षांवर होती आणि सगळे शांतपणे वाट पाहत होते. हायकानुशही पाहत होती, पण तिला कोणी विचारले नव्हते.

मग जुलैअखेर मेयरने राजीनामा दिला. परिषद बरखास्त झाली आणि २९ सप्टेंबरला नवी निवडणूक ठरली. आमच्याकडे एकाच मताने दोन्ही निवडले जाते, परिषदेची यादी आणि त्या यादीचा पहिला माणूस म्हणजे मेयर. अंगणात तुतीच्या झाडाखाली नार्दी खेळणाऱ्यांनी फासे थांबवून बातमी ऐकली. एकजण म्हणाला, "वाचागान, अभिनंदन. मेयर साडेतीन वर्षं आधी गेला, म्हणजे तुझी लिफ्ट साडेतीन वर्षं आधी आली."

आणि खरोखर, ऑनिकने आकडा लिहून दिला त्याच आठवड्यात सेयरान आला. सेयरान हा एका पक्षाचा आमच्या वस्तीतला माणूस. चाळिशीचा, नेहमी इस्त्रीचा शर्ट, प्रत्येकाच्या आईचे नाव पाठ. तो नऊ मजले चढून वर गेला. दम खात त्याने कॉफी घेतली आणि मुद्द्यावर आला.

"वाचागानकाका, या विंगेत शहरात हजर असलेली किती मतं?"

"एकसष्ट."

"मला एकसष्ट द्या. निवडणुकीच्या आधी लिफ्ट चालू. नंतर नाही, आधी."

"आणि लोकांनी तुला दिलं की नाही हे तुला कसं कळणार?"

"ते तुम्हाला माहीत आहे, काका. पहिल्यांदाच मतदान करताय का?"

आमच्याकडे मतदाराला प्रत्येक पक्षाची एकेक वेगळी चिठ्ठी मिळते. पडद्याआड जाऊन हवी ती पाकिटात घालायची, बाकीच्या तिथल्या टोपलीत टाकायच्या. सेयरानसारख्या माणसांची पद्धत अशी, की उरलेल्या चिठ्ठ्या टोपलीत न टाकता खिशातून बाहेर आणायच्या. जी त्यात नाही, ती पाकिटात गेली. कायद्याने हे चालत नाही. पण खिसे कोण तपासतो?

वाचागानने लगेच होकार दिला नाही. सेयरान उतरून गेल्यावर तो बाल्कनीत उभा राहिला. आत हायकानुश वॉकर धरून स्वयंपाकघरातून खोलीकडे येत होती. तेवढेच तिचे चालणे होते, सतरा पावले जायला आणि सतरा यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो वही घेऊन निघाला.

त्याच्या शब्दाला विंगेत वजन होते, आणि ते जुने होते. नव्वदच्या दशकातल्या अंधाराच्या वर्षांत, शहरात दिवसाला एक तास वीज यायची तेव्हा, वाचागानने डेपोच्या लाइनवरून एक तार आणून घरटी एक दिवा लावून दिला होता. एकच. कोणी चोरून शेगडी लावली की सगळी विंग अंधारात जायची, आणि वाचागान मेणबत्ती घेऊन मजल्यामजल्यावर वास घेत फिरायचा. शेगडी सापडली की काही बोलायचा नाही, फक्त त्या घराचा दिवा एक रात्र काढून न्यायचा. त्याने त्यासाठी कोणाकडून काही घेतले नाही. त्या हिवाळ्यांत अभ्यास करून शिकलेली मुले आता स्वतः आईबाप झाली आहेत. त्यामुळे तो दारात उभा राहिला की लोक त्याला उंबऱ्यावर ठेवत नाहीत.

पहिल्या, म्हणजे जमिनीलगतच्या मजल्यावरची नवार्द म्हणाली, "मला लिफ्टचं काय कौतुक? मी खिडकीतून उडी मारली तरी पायाला लागणार नाही. पण हायकानुशसाठी लिही माझं नाव. आणि नवऱ्याचंही लिही. त्याला विचारायची गरज नाही, तो ऐकूच येत नाही असं दाखवतो."

पाचव्या मजल्यावरची लुसिक बँकेत काम करते. तिने दार उघडे ठेवून, हाताची घडी घालून ऐकून घेतले. "काका, हे मत विकणं झालं."

"विकायचं असतं तर पैसे घेतले असते."

"मग लिफ्ट म्हणजे काय?"

"लिफ्ट म्हणजे लिफ्ट," वाचागान म्हणाला. "तू तेवीस वर्षांची आहेस, पायऱ्या म्हणजे तुला व्यायाम. वर एक बाई आहे, तिचा वर्षभर जमिनीला पाय लागलेला नाही."

लुसिकने हाताची घडी सोडली. मग म्हणाली, "लिहा."

एकसष्ट नावे झाली. चोवीस दारे वाजवायला त्याला तीन दिवस लागले.

२६ तारखेला, गुरुवारी, ऑनिकने बोर्ड बसवले आणि लिफ्ट हलली. वाचागानने तिच्यात खुर्ची ठेवली. हायकानुश खुर्चीवर बसली नाही, उभीच राहिली. खाली दार उघडले तेव्हा नवार्द समोर होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी नवार्द म्हणाली, "जवळून पाहिलं तर जाड झालीयेस." हायकानुश म्हणाली, "तू जवळून पाहिलं तर म्हातारी."

शनिवारी अंगणात पत्र्यावर मिरच्या आणि वांगी भाजली गेली. हिवाळ्याच्या बरण्या भरायचे दिवस होते. हायकानुश स्टुलावर बसून सोलत होती, बोटे काळी, डोळ्यांत धूर. वाचागान नार्दी खेळत होता आणि हरत होता, कारण त्याचे लक्ष पटावर नव्हते.

रविवारी मतदान. शाळा अंगणापलीकडेच आहे. हायकानुशला वॉकरवर तिथे जायला पंचवीस मिनिटे लागली. तिने कोणाचा हात धरला नाही. आधी वाचागानने मत दिले. त्याने शब्द दिला होता, त्याप्रमाणे दिले, आणि उरलेल्या चिठ्ठ्या कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या. मग हायकानुश पडद्याआड गेली. बऱ्याच वेळाने आली, पाकिटावर शिक्क्याचे स्टिकर चिकटवून घेतले, पेटीत टाकले.

बाहेर आल्यावर वाचागानने हळूच विचारले, "दे."

"काय देऊ?"

"उरलेल्या चिठ्ठ्या."

"त्या टोपलीत टाकल्या. भिंतीवर तसंच लिहिलंय."

"अगं हायकानुश-जान, मग मी मोजू कशा?"

"नको मोजूस."

वाचागान तिच्याबरोबर वॉकरच्या चालीने चालत राहिला. अर्ध्या वाटेवर ती थांबली, दम घेतला आणि म्हणाली, "वाचो, तू चोवीस दारं वाजवलीस. सगळ्यांना विचारलंस. यादीत माझं नाव कितवं आहे?"

"पहिलं."

"मला कधी विचारलंस?"

 वाचागानने खरोखरच विचारले नव्हते. सगळे तिच्यासाठी चालले होते, तिचे मत त्याने गृहीत धरले होते. तिने कोणाला मत दिले हे तिने त्याला तेव्हा सांगितले नाही, नंतरही नाही. कदाचित तिने सेयरानच्या यादीलाच दिले असेल.

संध्याकाळपर्यंत तुतीच्या झाडाखाली वाचागानच्या हातात स्वतःच्या धरून चौतीस जणांच्या चिठ्ठ्या आल्या. सत्तावीस जणांच्या आल्या नाहीत; त्यांतले बहुतेक नजर चुकवून वर गेले. लुसिक मात्र समोर येऊन उभी राहिली. "काका, मला जमलं नाही. माफ करा." वाचागान म्हणाला, "लिफ्टने जा वर. पायऱ्यांनी जाऊन काही फरक पडणार नाही."

सेयरान आला. वाचागानने गठ्ठा दिला. "चौतीस."

सेयरानने मोजल्या नाहीत. "काका, तुम्ही पन्नास म्हणाला असता तर मी पक्षात वर पन्नास सांगितले असते."

"चौतीस आहेत."

"दिवा वाटायचात तेव्हाही असेच होतात म्हणे," सेयरान म्हणाला. रागाने म्हणाला की कौतुकाने, ते समजले नाही. त्या रात्री निकाल लागला. सेयरानची यादी फार मागे राहिली. जिंकलेल्या यादीच्या माणसाने आमच्या लिफ्टबद्दल काही कबूल केले नव्हते, आणि ती लिफ्ट त्याला ठाऊक असण्याचेही कारण नव्हते.

सोमवारी दुपारी ऑनिक पेटी घेऊन आला. हायकानुश अंगणात नवार्दबरोबर घेवड्याच्या शेंगा सोलत होती. ऑनिकने तिच्याकडे न बघता वाचागानला सांगितले, "सेयरानने बोर्ड काढायला सांगितलंय. उसनं होतं."

"उसनं कोणाचं?"

"समोरच्या चौदा नंबरच्या इमारतीचं. त्यांचं काढून तुमच्यात लावलं होतं. आज परत त्यांच्यात लावायचं."

"म्हणजे गुरुवारपासून त्यांची लिफ्ट बंद?" हायकानुशने विचारले.

"हो, काकू."

"तिथे वरती कोण राहतं?"

ऑनिकने पेटी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "आठव्यावर एक म्हातारा आहे. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो. चौघं जण खुर्चीत घालून उतरवतात त्याला."

 शनिवारी मिरच्या भाजताना समोरच्या इमारतीच्या दारात ती खुर्ची आम्हा सर्वांना दिसली होती. आम्हाला वाटले, घर बदलताहेत.

"काढ," हायकानुश म्हणाली.

"आधी तुम्हाला वर सोडतो, काकू. मग काढतो."

"वर जाऊन काय करू? तू काढ. तो माणूस वाट बघत असेल."

वाचागान म्हणाला, "वेडी झालीस का? राहणार कुठे?"

"नवार्दकडे."

"नवार्दला विचारलंस?"

"तिचं नाव मी यादीत पहिलं लिहिलंय," हायकानुश म्हणाली. नवार्द इतकी हसली की शेंगांचे ताट कलंडले. वाचागान हसला नाही. तो त्या दिवशी एकटाच नऊ मजले चढून गेला.

हायकानुश नवार्दच्या सोफ्यावर झोपू लागली. दिवसा विंगेच्या दाराशी बाकावर बसायची. तिने कोणाकडे काही मागितले नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला कामावरून आलात का, मुलाचा खोकला कसा आहे, एवढेच विचारायची. नवव्या मजल्यावरची बाई चौदा महिने विसरता आली होती, दारातल्या बाईला दिवसातून चार वेळा ओलांडून जावे लागत होते. वाचागान सकाळी तिचे औषध घेऊन उतरायचा, रात्री एकटा चढायचा. तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा वही घेतली.

मत मागायला त्याला तीन दिवस लागले होते, पैसे मागायला बारा लागले. लोकांनी बरेच काही सांगितले. ही कामे नगरपालिकेची, कुलूपबंद घरांचे आम्ही का भरायचे, दुसऱ्या मजल्यावर राहून मी लिफ्टचे पैसे का देऊ. वाचागान प्रत्येकाचे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "बरोबर आहे. मग किती लिहू?" लुसिकने पहिल्याच संध्याकाळी पूर्ण वाटा दिला. काहींनी दोन हप्त्यांत दिला. नवार्दच्या नवऱ्याला त्या दिवशी नीट ऐकू आले.

१७ ऑक्टोबरला, गुरुवारी, नवे बोर्ड बसले. ते आमच्या विंगेच्या नावाने आहे आणि पावती वाचागानकडे आहे. हायकानुश वर गेली, खिडक्या उघडल्या, दीड तास झोपली आणि पाव आणायला पुन्हा खाली आली.

एकूण दोन लाख चौऱ्याऐंशी हजार चारशे ऐंशी द्राम जमले. ऑनिकचे तीन हजार पाचशे वीस अजून द्यायचे आहेत.