मामांचा कॅनडा

परदेशी पाऊल न टाकता परदेश कोळून प्यालेला माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. राहणं नौपाड्यात, उभी नोकरी शहाडच्या कारखान्यात. त्यापलीकडचं जग मामांनी पाहिलं ते भिंतीवरच्या कॅलेंडरात. पण कुणाचं पोर परदेशी शाळेत जाणार अशी कुणकुण लागली, की मामा त्याला ताब्यात घेत. त्यांच्या तालमीतली मुलं आज म्हणे तिकडे मोठ्या हुद्द्यांवर आहेत. मामांमुळे की मामा असूनही, हे कुणी विचारलेलं नाही.

नव्वदच्या सुमाराला माझी कॅनडाला बदली झाली. काळजी एकच, आमची मनू. परक्या माणसासमोर तिच्या तोंडाला कुलूप. वर्तकनगरच्या शाळेत बाई हजेरी घेत तेव्हा शेजारची मुलगी हिच्या वतीने 'हजर' म्हणायची. ती मुलगी काही विमानात घालून नेता येणार नव्हती. म्हणून मी, डोकं ठिकाणावर असताना, मनूला मामांच्या हवाली केलं.

मामांनी घरात मराठी बंद झाल्याचं जाहीर केलं, मराठीतच. गॅलरी म्हणजे वर्ग, आणि ऐन मे महिन्यात साडीवर स्वेटर चढवलेली मामी म्हणजे तिथली बाई. "मनू, से गुड मॉर्निंग टू मिस मामी! पूर्ण वाक्यात! अर्धवट बोललेलं तिकडे चालत नाही," मामा फर्मावत. मनू गप्प. मामी तिच्या हातावर लाडू ठेवायची. "अगं, मिस लाडू देत नसते!" मामा कपाळाला हात लावत. "मग पोर शाळेत जाईल कशाला?" मामी विचारायची. काट्याने पोळीभाजी खायच्या धड्याला प्रात्यक्षिक माझं होतं. माझ्या काट्यावरून सुटलेली भेंडी खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर विसावली. "जावईबापू, तुम्ही तिकडे डबा नेऊ नका," मामा गंभीरपणे म्हणाले. मनू हे सगळं टक लावून बघायची. बोलायची मात्र नाही.

शेवटचा धडा बर्फाचा. "बर्फाच्या कारखान्यातूनच आणा, स्वच्छ हवा," असं मामांनी बजावलं होतं. पण कारखाना लांब आणि ऊन रणरणतं, म्हणून मी मासळीबाजारातच स्कूटर लावली. पापलेटांच्या टोपलीखालची लादी उचलून देताना कोळीण म्हणाली, "फकस्त बरफ? म्हावरा नको?"

"मुलीच्या शाळेसाठी हवाय."

"अरे देवा! पोरीला शालंन धारतंस का बाजारान?"

गॅलरीत बर्फ फोडून पसरला. त्या घरात अंडंसुद्धा कधी शिरलं नव्हतं. मामी पदर नाकाला लावून आत पळाली. मामांनी वाकून वास घेतला, माझ्याकडे एकदा पाहिलं. पण माघार घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मनू, लक्ष दे. कॅनडाच्या तिन्ही बाजूंना समुद्र. दॅट इज व्हाय तिथल्या स्नोला असा वास. स्मेल इट!" मनूने मूठभर उचलून मन लावून हुंगला. मी खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं; गॅलरी कुणी धुवायची हा प्रश्न माझ्याच अंगावर आला असता.

कॅनडात मनूचं कुलूप तसंच राहिलं. शाळेतल्या बाईंनी बोलावून घेतलं. मुलगी बोलतच नाही, तिला वेगळ्या वर्गात घालावं लागेल, म्हणाल्या. बायको घरी येऊन रडली. मी खिडकीशी उभा राहिलो, तेवढंच मला जमत होतं.

मग एक दिवस बाईंचा फोन. "तुमची मुलगी आज बोलली! पहिला बर्फ पडला, मुलं नाचत होती. हिने मूठभर उचलून हुंगला आणि सगळ्यांना सांगितलं, 'नो फिश!' आता अख्खा वर्ग तिच्याभोवती बसून बर्फ हुंगतोय. याचा अर्थ काय?" तो समजावण्याइतकं इंग्रजी माझ्याजवळ नव्हतं.

मी लगेच नौपाड्याला फोन लावला. मनू काय बोलली ते सांगितलं आणि पूर्ण वाक्यावरच्या व्याख्यानाची वाट पाहत राहिलो. पलीकडे नुसतंच नाक ओढल्याचा आवाज. मग मामा म्हणाले, "तिथला बर्फच चुकीचा असणार, जावईबापू. पोर बरोबर बोलली."

मामा आता नाहीत. मनूचं स्वतःचं घर झालंय. पण पहिला बर्फ पडला की ती अजून अंगणात वाकते, मूठभर उचलते आणि मला फोन करते. "नाही हो बाबा," म्हणते, "ह्याही वर्षी नाही."